दुसरी उडी

९ फेब्रुवारी

बाई,

पाकिटावरचं अक्षर तुम्हाला ओळखू आलं नसेल. येणार कुठून? तेव्हा मला लिहिताच येत नव्हतं, हजेरीच्या वहीत अंगठा उठवायचे. पुढे लेक शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या शेजारी पाटी घेऊन मीही बसले. अक्षर अजून पहिलीतल्या पोरासारखंच आहे, चालवून घ्या.

मी खारू. तुमची डुप्लिकेट. तुमच्यासारखा झगा, तुमच्यासारखे केस, आणि भिंतीवरून, घोड्यावरून, एकदा तर विहिरीत पडलेली ती. कशावरही सरसर चढते म्हणून मेकअपमनने खारूताई नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं.

बेचाळीस वर्षांनी लिहायचं कारण रेडिओ. रविवारी तुमची मुलाखत होती. सगळ्या घराला मीच हाका मारून बसवलं. मी लेकीकडे राहते, म्हणजे जावयाच्या घरी, म्हणजे आधीच अर्धी मान खाली. म्हटलं, आज जरा मान वर करावी. आमच्या बाई बोलणार आहेत.

मुलाखत घेणाऱ्याने त्या उडीबद्दल विचारलं. तुम्ही म्हणालात, "खिडकी तीन मजले उंच. खाली गवताची गाडी पळतेय. मी डोळे मिटले आणि दिलं झोकून." त्याने विचारलं, लागलं का? तुम्ही म्हणालात, "कंबरेला लागलं. अजून थंडीत दुखतं."

बाई, ती कंबर माझी आहे.

उडी मी मारली, आणि एकदा नाही, दोनदा. पहिली नीट झाली. मग पुन्हा घ्यायची ठरली, का ते मला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी गाडी पुढे गेली होती आणि मी मागच्या फळीवर आपटले. तेव्हापासून डावा पाय ओढत चालते.

रेडिओ संपला तरी कुणी उठेना. लेकीला मी लहानपणापासून सांगत आलेय की तुझी आई अशी का चालते. शाळेत कुणी माझ्या चालीची नक्कल केली तर ती त्या पोरीच्या वेण्या ओढायची. जावई गणिताचा मास्तर, उत्तर आलं तरी पडताळा करून पाहणारा. पण माणूस सोन्यासारखा. हळूच म्हणाला, "आई, इतक्या वर्षांत आठवणीत थोडी भर पडतेच. मनावर घेऊ नका." ते एक वेळ चाललं असतं. मागून लेक स्वयंपाकघरात आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, खरं सांग, तू कुठून पडली होतीस?"

मला तुमच्याकडून काही नको. चार ओळी लिहा की उडी खारूने मारली. तुमच्या हाताने लिहा. लेकीला दाखवते आणि पेटीत ठेवते.

खारू


२० फेब्रुवारी

प्रिय खारू,

तुझं पत्र पाहून डोळे भरून आले. किती वर्षांनी! ते दिवस, ते दिवे, तो चुन्याचा आणि रंगाचा वास, सगळं डोळ्यांसमोरून सरकलं. माणसं कशी पांगली बघ.

मुलाखतीचं तू फार मनाला लावून घेतलंस. तो मुलगा नवखा होता, त्याला काहीतरी रंगतदार हवं होतं, आणि बोलण्याच्या ओघात मी बोलून गेले. तुला तर माहीत आहे, सिनेमा एकट्यादुकट्याचा नसतो. ज्याने खिडकी बांधली, ज्याने झगा शिवला, ज्याने दिवा धरला, त्या अर्थाने ती उडी आपण सगळ्यांनीच मारली, नाही का?

तुझ्या कंबरेचं वाचून वाईट वाटलं. हाडांचे एक मोठे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना चिठ्ठी देईन. संकोच करू नकोस.

सोबत त्या उडीचा फोटो सहीनिशी पाठवते आहे. लेकीला आणि जावयांना माझे आशीर्वाद.

तुझी,
बाई


२६ फेब्रुवारी

बाई,

फोटो परत पाठवते आहे. त्यात मी आहे आणि सही तुमची आहे.

खिडकी बांधणाऱ्याचं हाड मोडलं नाही. झगा शिवणाऱ्याचंही नाही. हाडांचे डॉक्टर बेचाळीस वर्षांपूर्वी लागत होते, आता हाडाला आणि मला एकमेकांची सवय झाली आहे.

मी चार ओळी मागितल्या होत्या. तुम्ही दोन पानं पाठवलीत.

खारू


१८ मार्च

खारू,

तीन आठवडे तुझं पत्र टेबलावर पडून आहे. माझी भाची रोज त्यावरची धूळ झटकते आणि विचारते, "मावशी, याचं उत्तर द्यायचंय ना?" मी हो म्हणते आणि दुसरंच काही करायला घेते. परत आलेला फोटो मी उलटा करून ठेवलाय.

वेगळ्या कागदावर तुला हव्या त्या ओळी लिहिल्या आहेत. आधी तो कागद लेकीला दे. हे बाकीचं तुझ्यासाठी.

माझे वडील कंपनीच्या कपडेपटात शिंपी होते. सोळाव्या वर्षी एक झगा नीट पडतो का ते पाहायला त्यांनी तो माझ्या अंगावर चढवला, आणि दिग्दर्शक साहेब तिथून जात होते. पुढच्या पाच चित्रपटांत मी फक्त रडले. एका परीक्षकाने लिहिलं, कंपनीने या बाईंना ठेवण्यापेक्षा एक नळ बसवून घ्यावा. वडिलांनी ते कात्रण वाचलं आणि दिवसभर मशीनवरून मान वर केली नाही. कंपनी मला काढणारच होती. तेवढ्यात ती उडी आली.

पहिल्या खेळाला तू खिडकीतून निघालीस तशी थिएटरभर सगळी माणसं उठून उभी राहिली. मध्यंतरात एका बातमीदाराने विचारलं, "बाई, उडी तुम्ही स्वतः मारलीत?" मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या बाई डुप्लिकेट वापरत नाहीत." मी हसले. बोलले काही नाही, फक्त हसले. मी खोटं बोललेच नाही, ही माझी पळवाट कितीतरी वर्षं पुरली.

मग हसणं पुरेना. लोक विचारायचे, भीती वाटली का? म्हटलं, वाटली. दरवेळी एक टाका वाढत गेला. शिंप्याची पोर ना मी. कंबरेचं तर तुझ्याकडूनच उचललं. हॉस्पिटलात एकदाच तुला भेटायला आले होते, आठवतं? तू छताकडे बघत म्हणालीस, "बाई, थंडी वाजली की आत कुणीतरी स्क्रू पिळतं." पुढे एका मुलाखतीत मी तेच म्हणाले. वाक्य चांगलं होतं.

त्यानंतर वीस वर्षं मी तलवारी फिरवल्या, आगीतून धावले, पूल तोडले. प्रत्येक वेळी नवी डुप्लिकेट होती. त्यांतल्या दोघींची नावंही मला आठवत नाहीत. मग हिरोच्या आईच्या भूमिका आल्या, मग त्याही येईनाशा झाल्या. आता चार पायऱ्या चढायच्या तर मी कठडा धरते, आणि शेजारच्या मुली म्हणतात, "बघ, त्याच त्या, उडीवाल्या!"

गाडीवानाने घोडा लवकर हाकला म्हणून त्याला दुसऱ्याच दिवशी काढलं होतं. तुझ्या बाबतीत निदान तेवढा न्याय झाला, असं मी तेव्हा मनाला समजावलं होतं.

पुढच्या महिन्यात माझा सत्कार आहे. तिथे सगळ्यांसमोर सांगेन. तू ये. पहिल्या रांगेत बस.

बाई

(सोबतचा कागद)

खिडकीतून गवताच्या गाडीवर मारलेली ती उडी माझी नाही. खारूची आहे. दोन्ही वेळा तिनेच मारली. दुसऱ्या वेळी तिची कंबर मोडली. मी खाली कॅमेऱ्याशेजारी उभी होते. मला खरचटलंही नाही.


२ एप्रिल

बाई,

कागद मिळाला. लेकीने उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला. जावयाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वाचला. आत गेला आणि स्वतःच्या खुर्चीवरची उशी आणून माझ्या पाठीशी लावली. मास्तर लोकांची माफी अशीच असते.

लेक रडली. म्हणाली, "मी तुझ्यावर संशय घेतला, आई. मला जोड्याने मार." दोन दिवस मला भांड्याला हात लावू दिला नाही. मैत्रिणींना बोलावून कागद दाखवला. एक जण तर माझ्या पाया पडली.

मला वाटलं होतं की त्या दिवशी मी पोटभर जेवेन. घास उतरला नाही. का ते आज लिहीत नाही.

सत्काराला मी येत नाही. तुम्हीही तिथे काही बोलू नका. लेकीपुरतं झालं, पुष्कळ झालं. गवगवा कशाला? आणि गाडीवानाचं तुम्ही लिहिलं नसतंत तर बरं झालं असतं.

खारू


२५ एप्रिल

खारू,

तू बोलू नको म्हणालीस ते मला तुझं मोठं मन वाटलं, म्हणून मी मुद्दाम बोलले.

सभागृह गच्च भरलं होतं. उडीचा तुकडा पडद्यावर दाखवला, टाळ्या झाल्या. मी माईक घेतला आणि म्हणाले, "ही मी नाही. हिचं नाव खारू. हिने उडी मारली आणि मी आयुष्यभर तिच्यावर जगले." मला वाटलं, आता कुणीतरी उठून छी थू करेल. त्याची मी तयारी केली होती, खारू. अगदी कोणती साडी नेसून शिव्या खायच्या तेही ठरवलं होतं.

आणि सगळे उभे राहिले. पाच मिनिटं टाळ्या. अध्यक्षांचे डोळे पाणावले. म्हणाले, "पाहा, हा मोठेपणा! एवढं करूनही श्रेय दुसऱ्याला देणारी ही बाई!" मी म्हणाले, "अहो, मी खरंच सांगतेय." तेव्हा आणखी टाळ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'विनयाचा मेरुमणी'. भाचीने तो कापून भिंतीला लावला. मी काढला. तिने पुन्हा लावला.

तुझ्या उडीची टाळी पुन्हा माझ्याच पदरात पडली. आणि त्यातली एक गोष्ट अजून मी कुणालाच सांगितलेली नाही. तू पहिल्याच पत्रात विचारलीस, मी ती बाजूला सरकवून पुढे गेले. उडी पुन्हा घ्यायची का ठरली?

मी सांगितलं म्हणून.

तू पहिल्यांदा उडी मारलीस तेव्हा हवेत असताना तुझा चेहरा कॅमेऱ्याकडे वळला. कॅमेरामन म्हणाला, "चेहरा दिसला जरासा, पण पापणी लवते न लवते तोच जातो. कुणाच्या लक्षात येणार नाही." साहेब पुढचा शॉट लावायला निघाले होते. ऊन उतरत होतं, सगळ्यांना घाई होती. मी त्यांना बाजूला नेलं आणि म्हणाले, "माझ्या चित्रपटात दुसरीचं तोंड? पुन्हा घ्या, नाहीतर उद्यापासून मी येत नाही." कंपनी मला काढायला टेकली होती तरी मी धमकी दिली. आणि ती चालली.

नुसता चेहरा दिसला असता तर कदाचित मी गप्प बसले असते. पण तू हसत होतीस. तीन मजल्यांवरून खाली येताना हसत होतीस. मला जमिनीवर उभं राहून, चार वेळा सांगूनसुद्धा तसं हसता येत नव्हतं.

तुझी कंबर गाडीवानाने नाही, मी मोडली. आता तुला लिहायचं असेल तर लिही, नसेल तर नको.

बाई


३० मे

खारू,

महिना होऊन गेला. रोज पोस्टमनची वाट पाहते. तो आता मला पाहिलं की लांबूनच मान हलवतो.

रागावून दोन शिव्या तरी लिही. तू बरी आहेस एवढं कळू दे.

बाई


१४ जून

बाई,

बरी आहे. तुमचं पत्र आलं आणि मी पेटीच्या तळाशी टाकलं. तुमच्यावर राग आला होता, खोटं कशाला सांगू. आठ दिवस तुम्हाला मनातल्या मनात जे जे बोलले ते लिहिलं असतं तर पोस्टाने घेतलं नसतं. पण राग ओसरला आणि खाली जे उरलं ते माझं होतं. ते लिहायला इतके दिवस लागले.

माझा चेहरा कॅमेऱ्याकडे वळला नाही. मी वळवला.

मला सक्त ताकीद होती, तोंड भिंतीकडे, केस गालावर. दोन वर्षं मी तसंच केलं. माझी आई कपडे धुवायची. माझा प्रत्येक चित्रपट बघायला यायची आणि बाहेर पडल्यावर विचारायची, "यात तू कुठे होतीस गं?" मी सांगायची, ती पाठ माझी, तो हात माझा, ते पाय माझे. ती म्हणायची, "पायाला काय मी ओळखते?" त्या दिवशी खिडकीत उभी राहिले आणि वाटलं, एकदा तोंड दाखवू. आईला दिसेल. म्हणून हसले. तुम्हाला नाही, बाई, मी आईला हसत होते.

तेव्हा पुन्हा घ्या म्हटल्यावर मला कारण विचारायची गरजच नव्हती. पहिल्या पत्रात 'का ते कुणी सांगितलं नाही' असं लिहिलं, ते शब्दाने खरं आणि मनाने खोटं. तुमच्या त्या हसण्यासारखंच.

आता पुढचं. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, तो न ऐकताच गेला.

साहेबांचा रुमाल हलला की गाडी निघायची. मी तीन मोजायचे आणि उडी मारायची. पहिल्या वेळी तसंच झालं. दुसऱ्या वेळी मी खाली पाहिलं. कधी पाहत नसे. पण या वेळी आपण चोरी केली आणि पकडलो गेलो हे डोक्यात होतं, आणि पहिल्यांदाच ते तीन मजले मला तीन मजल्यांइतके दिसले. रुमाल हलला. गाडी निघाली, बरोब्बर निघाली. मी तीन मोजले आणि पाय उचललाच नाही. चारला उडी मारली.

हॉस्पिटलात व्यवस्थापक वही घेऊन आला. म्हणाला, "कुणाची चूक? गाडी लवकर निघाली ना?" त्याने उत्तर माझ्या हातातच ठेवलं. माझी चूक म्हटलं तर उद्या हॉस्पिटलातून बाहेर काढतील आणि पुन्हा कंपनीचं तोंड दिसणार नाही, असं वाटलं. मी म्हणाले, "हो, गाडी लवकर निघाली."

एवढंच बोलले, बाई. चार शब्द. गाडीवानदादाला कंपनीच्या फाटकातून बाहेर घालवलं. तोच मला सकाळी गाडीवर बसवून फाटकापासून शूटिंगच्या फ्लोअरपर्यंत सोडायचा, म्हणायचा, "उड्या मारून दमशील, आत्ता तरी बस." इतकी वर्षं मी लेकीला शौर्याची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीत दरवेळी एक वाईट गाडीवान होता. लेक लहानपणी त्याचं चित्र काढून त्यावर काट मारायची.

आणि आता तुमचा कागद. बायका माझ्या पाया पडतात. घास उतरेल कसा?

खारू


२७ जून

खारू,

तुझं पत्र वाचलं. तुला 'चूक तुझी नाही' म्हणायचा अधिकार मला नाही.

कपडेपटातल्या म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याला शोधून काढलं. त्याला सगळ्यांचे पत्ते पाठ असायचे, अजूनही आहेत. गाडीवान सहा वर्षांपूर्वी वारला. बायको आहे, मुलगा सायकलदुरुस्तीचं दुकान चालवतो. पत्ता मागे लिहिला आहे.

आपण दोघी जाऊ. मी गाडी घेऊन तुला न्यायला येते.

बाई


३ जुलै

बाई,

तुम्ही येऊ नका. तुम्ही उतरलात की गल्ली गोळा होईल, कुणीतरी सही मागेल, आणि मग त्या बाईला आपण काय सांगायला आलो होतो ते राहूनच जाईल. मी लेकीला घेऊन जाते.

लेकीला काल सांगितलं. सगळं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "ज्याच्यावर मी काट मारायची, तो?" मी हो म्हटलं. ती उठून गेली. कागद तिने भिंतीवर लावला होता, तो काढून माझ्या पेटीत ठेवला. जेवण वाढलं, पण माझ्याकडे न बघता. तरी आज सकाळी म्हणाली, "कधी निघायचं?"

खारू


११ जुलै

बाई,

जाऊन आले.

खाली दुकान, वर एक खोली. जिना अरुंद, कठडा नाही. लेक पुढे, मी एकेक पायरी चढत मागे. म्हातारी खिडकीशी बसून जुन्या सदऱ्याची बटणं काढत होती. मी नाव सांगितलं. तिला माहीत नव्हतं. मग म्हणाले, "मी गवताच्या गाडीवर पडलेली पोर."

तिच्या हातातलं बटण तसंच राहिलं.

मी सगळं सांगितलं. रुमाल, तीन, चार, व्यवस्थापकाची वही. तुमचंही सांगितलं, रिटेक कुणी मागितला ते. आता लपवून कुणाचं भलं होणार? संपल्यावर म्हातारी म्हणाली, "ते तर म्हणायचे, मीच लवकर हाकली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, "काढून टाकल्यावर घरी आले तेव्हा म्हणाले, मी रुमालावरच हाकली. महिनाभर तेच म्हणत होते. मग म्हणायला लागले, साहेब म्हणतात लवकर, व्यवस्थापक म्हणतो लवकर, ती पोरही म्हणते लवकर. सगळ्यांचे डोळे कसे फुटतील? माझाच हात सुटला असेल. हॉस्पिटलच्या दारापर्यंत तीनदा गेले तुला बघायला. आत यायची हिंमत झाली नाही. पुन्हा लगाम हातात धरला नाही. लेकरू सायकलवर बसलं तरी म्हणायचे, हळू, माझ्यासारखं तुझ्या हातून कुणाचं तरी हाड मोडेल."

मी रडायला लागले. ती नाही रडली. म्हणाली, "रडू नको, आधी पुन्हा सांग. पोराला बोलावते. त्याच्यासमोर सांग."

मुलगा हात पुसत वर आला. मी पुन्हा सांगितलं. मग सून आली, तिच्यासमोर सांगायला लावलं. मग खालच्या दुकानात टायर घेऊन आलेला एक अनोळखी माणूस होता, त्यालाही वर बोलावलं. चार वेळा सांगितलं, बाई. मला वाटलं होतं, एकदा बोलले की हलकं होईल. नाही झालं. चौथ्या वेळी पहिल्यापेक्षा जड होतं, कारण तोवर मुलगा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या खांद्यांकडे मला बघवत नव्हतं.

मी माफी मागितली. म्हातारी म्हणाली, "माफ करणारा गेला. त्याच्या वतीने मी कसं बोलू?" आणि ते खरंच आहे.

निघताना जिन्याशी माझा पाय अडखळला. लेक पुढे गेली होती. म्हातारीनेच दंडाला धरलं आणि खालच्या पायरीपर्यंत सोडलं नाही.

घर जवळ आल्यावर लेक म्हणाली, "उडी मारलीस ते खरं. खोटं बोललीस तेही खरं. मला दोन्हीची सवय व्हायला वेळ लागेल." मी म्हटलं, लागू दे.

म्हातारीने तुमच्याकडून पत्र मागितलं आहे. तिला वाचता येत नाही, मुलगा मोठ्याने वाचून दाखवेल. म्हणून सोपं लिहा.

खारू


१५ जुलै

वहिनी,

मी चित्रपटात काम करायचे ती. खारूने तुम्हाला माझ्याबद्दल सांगितलं आहे. तिने सांगितलेलं सगळं खरं आहे. तिला माहीत नसलेलं एक मी सांगते.

दुसऱ्या उडीच्या वेळी मी कॅमेऱ्याशेजारी उभी होते. तिथून साहेबांचा रुमालही दिसत होता, गाडीही आणि खिडकीही. रुमाल हलला आणि त्याच क्षणी तुमच्या यजमानांनी घोडा हाकला. लवकर नाही, उशिरा नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. खारू खिडकीत थांबली तेही पाहिलं.

दादांना फाटकाबाहेर काढत होते तेव्हा ते माझ्यासमोरून गेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही तिथेच होतात. तुम्ही सांगा ना." मी तोंड उघडलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की उडी पुन्हा का घेतली. म्हणून मी मान वळवली आणि मेकअप पुसायला आरसा मागितला.

खारूलाही मी पत्रात लिहिलं की गाडी लवकर निघाली होती. म्हणजे यंदा मार्चपर्यंत मी खोटं बोलत होते.

खारूला वाटलं की चूक झाली आणि ती घाबरली. मी घाबरले नव्हते. मी ठरवून गप्प बसले.

दादांची चूक नव्हती. त्यांचा हात सुटला नव्हता. हे वाक्य तुमच्या मुलाला दोनदा वाचायला सांगा.

तुम्ही म्हणाल तेव्हा, म्हणाल त्या माणसांसमोर, मी येऊन हेच बोलेन. तुम्हाला मला बोलवावंसं वाटलं नाही, तर तेही मला समजेल.

(सही)